जुबेदा, पुस्तक ठरलं

जुबेदा, पुस्तक ठरलं. मागणीच्या कागदावर काल सही करून तो प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. कुठलं ठरलं ते सांगते, पण जरा थांब. आधी सांगितलं तर पुढचं तू काही ऐकणार नाहीस. बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तोडून आपलं घुसवायचं, ही तुझी जुनी खोड. आज मात्र मी सलग बोलणार आहे, आणि हे सुख मला नको होतं.

सांगलीच्या कॉलेजात आपण एकाच जूनमध्ये रुजू झालो. तू साताऱ्याची, मी लोणंदची. इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवायला दोन बायका येणार म्हणून स्टाफरूममध्ये आधीच चर्चा झाली होती म्हणे. पण पहिला प्रश्न गणिताचा नव्हता, खोलीचा होता. गावभागातल्या चार घरी आपण गेलो. माझं आडनाव ऐकलं की समोरच्या बाईंना आठवायचं, की खोली पुतण्यासाठी राखून ठेवली आहे. तुझ्या बाबतीत तर आडनावापर्यंतही जावं लागायचं नाही. चौथ्या घरातल्या बाईंनी आपल्याकडे खालीवर बघत विचारलं, "तुम्ही दोघी कोण म्हणायच्या?"

तू म्हणालीस, "आम्ही गणितवाल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे हिशेबाला चोख."

बाई हसल्या, पण खोली दिली नाहीच. बाहेर आल्यावर तू हसत सुटलीस आणि मी संतापाने फाटक आपटलं. "तुला हसू येतंच कसं?" असं मी विचारलं, तर म्हणालीस, "रडून खोली मिळत असती तर रडले असते की गं कमल." शेवटी मिरज रोडवरच्या निवृत्त नर्सबाईंनी माडीवरची खोली दिली. आपण कोण हे त्यांनी विचारलं नाही. जिन्यावरून चपला वाजवत चढायचं नाही, एवढी एकच अट घातली. ती तू एक दिवस सोडला तर कधी पाळली नाहीस.

पुढच्या मे महिन्यात प्राचार्यांनी आपल्याला मुंबईला संगणकाच्या वर्गाला पाठवलं. आपली हुशारी बघून नव्हे, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून. ते यंत्र काचेच्या पलीकडे होतं. आत गारवा, आपण बाहेर घामाघूम. शिकवणाऱ्यांना तू पहिल्याच दिवशी विचारलंस, "पण हे लक्षात कसं ठेवतं?" ते म्हणाले, "ते या वर्गाच्या कक्षेत येत नाही." तुझे कान लाल झाले. मी विचारलं, "आमची भोकं पाडलेली कार्डं यंत्रात कधी घालणार?" ते म्हणाले, "उद्या." दुसऱ्या दिवशी माझ्या हातात छापून आलेला कागद पडला. साधी वर्गमुळांची यादी होती, पण वर माझं नाव होतं. आपल्या दोघींचं भांडण तिथेच सुरू झालं, फक्त ते अजून आपल्याला कळलं नव्हतं.

वर्गात वाटलेलं पातळ पुस्तक मला आवडलं. यंत्राला आज्ञा द्यायच्या फोर्ट्रान भाषेचं. दुसऱ्याच पानावर एक पूर्ण प्रोग्रॅम, लिहा आणि चालवा. तू फूटपाथवरून एक जाडजूड ग्रंथ उचलून आणलास. त्यात अर्धं पुस्तक होईपर्यंत एकही प्रोग्रॅम नाही. आधी संख्या म्हणजे काय, मग तर्क, मग यंत्राची स्मृती, आणि त्यानंतर अल्गॉल नावाची भाषा, जी चालवणारं यंत्र आपल्या आवाक्यात कुठेच नव्हतं. परतीच्या गाडीत तू म्हणालीस, "शिकवायचं तर हे शिकवायचं." मी म्हणाले, "हे पुस्तक हमालाला शिकवावं, उचलायला."

लोणंदला गाडी थांबली तेव्हा माझे वडील, आबा, भाकरीचं गाठोडं घेऊन खिडकीपाशी उभे होते. ते तिथेच रेल्वेच्या यार्डात कामाला. तू त्यांच्या हातातून गाठोडं घेतलंस आणि सरळ न्यायनिवाडाच मागितलास.

"आबा, यार्डात नवा माणूस आला की त्याला आधी काय शिकवता?"

आबांनी जराही विचार केला नाही. "गाडी आली की बाजूला हुयाला. बाकीचं मागनं."

तू म्हणालीस, "बघ, आबा माझ्या बाजूचे. आधी मुळातलं." मी म्हणाले, "आबा माझ्या बाजूचे. आधी कामापुरतं." गाडी सुटली तरी आबा फलाटावरून ओरडत होते, "आवं पन भाकरी खावा!"

तुझ्या त्या ग्रंथाची प्रत एक आणि वाचणाऱ्या दोघी. दिवाळीच्या सुट्टीत मी तुझ्या घरी साताऱ्याला आले, तेव्हा तू ते पुस्तक अब्बांच्या दुकानात नेलंस. आयुष्यभर पुस्तकं बांधणारा माणूस. तू म्हणालीस, "अब्बा, याची दोन करून द्या."

"दोन? फाडू म्हणतीस?"

"मधनं."

"पुस्तकं जोडायचा धंदा हाय माझा पोरी, फाडायचा न्हवं."

"फाडू नका. उसवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, निदान ही दुसरी तरी शहाणी असेल अशा आशेने. मी मान खाली घातली. मग त्यांनी पाठीची शिवण उसवली, मधोमध वेगळं केलं आणि दोन्ही भागांना नवे पुठ्ठे चढवले, एक तांबडा, एक हिरवा. मी पहिल्या भागाला हात घातला, तर तू तो ओढून घेतलास. "तूच म्हणतीस ना, तत्त्वं मागनं? मग तू मागचा भाग घे." सबंध हिवाळा मी तो मागचा भाग वाचत होते. त्यात दर पानावर लिहिलेलं असायचं, की तिसऱ्या प्रकरणात आपण पाहिलंच आहे. मी काहीच पाहिलेलं नव्हतं. तिसरं प्रकरण तुझ्या उशाशी होतं, आणि प्रत्येक वेळी ते मागताना तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा, त्याची मला अजून चीड येते.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. खरं भांडण झालं ते कृष्णेच्या घाटावर. प्राचार्यांनी जाहीर केलं होतं, की शेवटच्या वर्षाच्या मुलांना संगणकाचा विषय सुरू करायचा. भाषा एक, पुस्तक एक, आणि ते आपण दोघींनी ठरवायचं. घाटाच्या पायऱ्यांवर बसून तू म्हणालीस, "फोर्ट्रानचा हट्ट सोड. तुला पोरांना पटकन कागद दाखवायचाय, बाकी काही नाही."

मग मी ते बोलले, जे तोवर कुणाजवळ बोलले नव्हते. शाळेत फळ्याला हात लावायची आम्हाला परवानगी नव्हती. मास्तर माझी पाटी लांबूनच बघायचे. नव्या गुरुजींनी एकदा खडू हातात दिला आणि म्हणाले, "ये, सोडव." ते गणित मला येत होतं की नव्हतं, आठवत नाही. खडू आठवतो. मी तुला म्हणाले, "ज्यांना आजवर लांब ठेवलं, त्यांना पुन्हा 'आधी सगळं समजून घे, मग हात लाव' असं मी सांगणार नाही. खंडाळ्याचा, जतचा पोरगा येतो. त्याला पहिल्या आठवड्यात शिवू दे त्या यंत्राला. मुंबईला पोस्टानं कागद पाठवून का होईना."

तू मला एकदाही मध्येच तोडलं नाहीस. तुझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट. मग बोललीस ती हळू, आणि घरच्या बोलीत, जी तू रागावलीस किंवा हळवी झालीस की आपसूक तोंडात यायची.

"माझ्या अब्बांनी किती पुस्तकं बांधली असतील? कायद्याची, डॉक्टरीची, सगळी. हातात कला लय हाय. पन आत काय लिवलंय, ते त्यांना कुनी शिकिवलं न्हाई. बांधनारे आमी आनि वाचनारे दुसरे. तू म्हनतीस तसं नुसतं चालवायला शिकीव, पोरं चालवतील. यंत्र बदललं की घरी बसतील. आतलं ज्ञान ज्यांच्याकडं हाय त्यांच्याकडंच ऱ्हाईल. आपल्या पोरांना नुसती हातोटी द्यायची, हे मला न्हाई जमायचं कमल."

आपण उठलो, वाटेत भडंग घेतलं आणि एकमेकींशी न बोलता एकाच पुड्यातून खात घरी आलो.

तडजोड तुझीच होती. पुस्तक ठरेपर्यंत वर्गाचे दोन गट करायचे, एक तुझा, एक माझा. मी फोर्ट्रानने सुरुवात करणार, तू कागदावरच्या अल्गॉलने. गणित दोन्ही गटांना एकच. कृष्णा आणि कोयना या दोन नद्यांच्या पावसाळ्यातल्या पातळ्यांची सरासरी काढायची. प्रोग्रॅम कागदावर लिहून मुंबईला पोस्टाने पाठवायचा, तिथे त्याची कार्डं होणार आणि उत्तर पोस्टानेच परत येणार.

माझ्या गटाचं पाकीट आधी गेलं आणि आधी परत आलं. मुलांनी ते माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. तो कागद या बाकावरून त्या बाकावर फिरत होता. एकाने तर त्याचा वास घेतला. मग तुझ्या नजरेला पडलं, की सगळ्या सरासऱ्या पूर्ण आकड्यांत आल्या आहेत. एकाही पातळीला दशांश नाही. मुलांनी चार वेळा तपासलं, मीही तपासलं, चूक सापडेना. तू प्रोग्रॅमवर एकदा नजर टाकलीस आणि भिंतीला टेकून हसायला लागलीस. फोर्ट्रानमध्ये संख्येला दिलेल्या नावाचं पहिलं अक्षर आय ते एन यांपैकी असलं, की यंत्र ती संख्या पूर्णांक धरतं आणि अपूर्णांक टाकून देतं. मुलांनी नद्यांना त्यांची खरी नावं दिली होती. कृष्णाही 'के'ची आणि कोयनाही 'के'ची.

"तुझ्या फोर्ट्रानात नदी जिन्यानं चढते गं," तू म्हणालीस. "एक एक फूट. मध्ये पाणीच नाही."

मी चिडून म्हणाले, "पण आता हा नियम ही पोरं जन्मात विसरणार नाहीत!"

"नियम लक्षात राहील. तो का आहे, ते कोण सांगणार?"

आणि मग तूच सांगितलंस. माझ्या गटाला, माझ्या तासाला, माझी परवानगी न घेता. फळ्यावर चौकोन काढलेस, एकेका मुलाला एकेक चौकोन दिलास, आणि पूर्णांकाच्या चौकोनात अपूर्णांक ठेवायला गेलं की काय होतं, ते त्यांच्याकडूनच करवून घेतलंस. यंत्र लक्षात कसं ठेवतं, हा मुंबईत कक्षेबाहेर टाकलेला प्रश्न तू सांगलीच्या वर्गात खडूने सोडवलास. मी शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. मला तुझा हेवा वाटला, आणि मी तुझ्याच खोलीत राहते याचा अभिमानही वाटला.

तुझ्या गटाचं पाकीट पुष्कळ उशिरा गेलं. तुझं समाधान होईपर्यंत तू ते सोडलंच नाहीस. अल्गॉलमध्ये घोटून घोटून पक्कं केलं आणि मग फोर्ट्रानमध्ये उतरवलं. उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर आलं. तू तो कागद झेंड्यासारखा धरून वर्गात गेलीस, आणि मुलं म्हणाली, "येणारच होतं की बाई." कुणी उठून बघायलाही आलं नाही. त्या संध्याकाळी तू जिना चपला न वाजवता चढलीस, म्हणून मला कळलं. मी चहा केला. तू म्हणालीस, "बरोबर आलं तरी आनंद होऊ नये, म्हंजे काय गं?" तेव्हा जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

त्याच सुमाराला तुला मुंबईहून बोलावणं आलं, ते यंत्र जिथे होतं तिथूनच. तू नाही म्हणून कळवलंस. मी विचारलं, "का गं?" तर म्हणालीस, "तिथं यंत्र हाय. भांडायला कोन हाय?" मी ती चेष्टा समजून सोडून दिली. तू गेली नाहीस म्हणून मला त्या दिवशी किती हलकं वाटलं होतं, हे सांगायचं राहिलं. आपल्याकडे असलं कुणी बोलत नाही. आपण तर पुस्तकाविषयीच बोलायचो.

मग हा पावसाळा आला. तुला बरं वाटेना म्हणून तू साताऱ्याला गेलीस, आठवडाभरात येते म्हणालीस. मी भेटायला आले तेव्हा तुझे डोळे पिवळे जर्द झाले होते. माझा चेहरा बघून तूच म्हणालीस, "सांगलीत, हळदीच्या पेठेत राहिल्याचा परिणाम." आवाज खोल गेला होता, पण पुढचं वाक्य ठणठणीत होतं. "पुस्तकाचं काय केलंस? मी नाही बघून ते पातळ चोपडं मागवशील हां." मी म्हणाले, "तू उठून ये, मग ठरवू." तू म्हणालीस, "गो टू." फोर्ट्रानमधली ही आज्ञा तुला मनापासून नावडायची, प्रोग्रॅममधून वाटेल तिकडे उडी मारायची आज्ञा. "ते तरी पोरांना शेवटी शिकीव. आधीच शिकवलंस तर वळण बिघडतं." मी म्हणाले, "त्याच्याशिवाय दहा ओळींचा प्रोग्रॅम होत नाही." तू उठून बसायला लागलीस. तेवढ्यात अम्मा आत आल्या, तुला खांद्याला धरून निजवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बास करा आता. बरी झाली की भांडा."

तू बरी झाली नाहीस.

त्यानंतर कॉलेजात सगळे माझ्याशी फार हळू बोलायला लागले. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "आता निर्णय तुमच्यावर आहे." ते ज्या सुरात म्हणाले त्यावरून कळत होतं, की मी तुझं पुस्तक मागवीन हे त्यांनी गृहीत धरलंय. सगळ्यांनीच धरलं होतं. तुझ्या गटातली मुलंसुद्धा येऊन म्हणाली, "बाईंचंच पुस्तक लावा." मी बरेच दिवस विचार केला. तुझं नाव पुढे करून ते जाड पुस्तक मागवणं फार सोपं होतं. लोकांना बरं वाटलं असतं, मलाही थोडं वाटलं असतं.

जुबेदा, मी पातळ पुस्तक मागवलं. फोर्ट्रानचं.

तू गेलीस म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. ठरवून टाकलं असतं तर तू मला कधी माफ केलं नसतंस. मेलेल्या माणसाला लोक वाद घालायच्या लायकीचं ठेवत नाहीत, नुसतं मान डोलावून मोकळे होतात. तुझं तसं मी होऊ देणार नाही. जूनमध्ये नवी मुलं येतील, पहिल्याच आठवड्यात त्यांचं पाकीट मुंबईला जाईल आणि त्यांच्या हातात त्यांच्या नावाचा कागद पडेल. यात मी तसूभर हटणार नाही. दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर चौकोन काढीन. ते मला तुझ्यासारखे जमत नाहीत. काल रिकाम्या वर्गात एकटीने करून बघितलं, तर चौथ्या चौकोनाशी गोंधळले. पण काढीन.

परवा साताऱ्याला गेले होते. अब्बा दुकानात होते. उठून आत गेले, पाणी आणून दिलं आणि परत शिवणीला बसले. अम्मा मला आत घेऊन बसल्या. तुझे कपडे त्यांनी धुऊन घडी करून ठेवले होते. त्यावरून हात फिरवत त्यांनी एकदम विचारलं, "कमल, एक सांग. आमची पोरगी तकडं शिकवायची, म्हंजे काय शिकवायची गं? समदी इचारतात. मला सांगता येत न्हाई."

मी पुष्कळ प्रयत्न केला. पुस्तकं, भाषा, मुंबईचं यंत्र, कृष्णेचं पाणी. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. शेवटी म्हणाले, "अम्मा, एक यंत्र हाय. त्याला सांगावं लागतं. नीट, एकामागनं एक, काई न गाळता सांगितलं, तर ते समदं ऐकतं. जसं सांगू तसंच करतं. मधी बोलत न्हाई, उलटून इचारत न्हाई. त्याला कसं सांगायचं, ते जुबेदा पोरांना शिकवायची."

अम्मांनी वरच्या कपड्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मला वाटलं, हेही जमलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "ल्हानपनापास्नं सांगतच हुती गं ती. बापाला, भावाला, मला. ऐकलं कुनी न्हाई." आणि पदराने डोळे पुसता पुसता त्यांना हसू आलं. "ऐकनारं कुनीतरी गावलं हुतं म्हन की तिला."